घरशाळेत मूल भांबावलं तर: अभ्यासक्रम हलका करायची आमची रीत

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. टेबलावर गणिताची वही आणि तिच्यात वजाबाकीची २४ उदाहरणं. मुलगी नऊ वर्षांची. तिसऱ्या उदाहरणात ७ चुकीच्या घरात पडला म्हणून तिने तो खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. मी ओट्याशी कणीक मळत होते. वळून पाहिलं तर त्या जागी कागदाला भोक पडलं होतं आणि ती भोकात करंगळी घालून गप्प बसली होती. रडत नव्हती. "आई, हे संपतच नाही," एवढंच म्हणाली.

घरशाळा सुरू करून तेव्हा आम्हाला चौदा महिने झाले होते. बालभारतीची चौथीची पुस्तकं, वर गणिताचा एक ऑनलाइन वर्ग, इंग्रजी वाचनाचा एक संच आणि दर महिन्याला एक 'प्रकल्प', असा आमचा थाट होता. भोक पडल्यावर मी काय केलं? नवीन, रंगीत चित्रांची गणिताची वही मागवली. सगळे आईबाप हेच करतात. ती वही तीन दिवस टिकली.

लेक "जमत नाही" म्हणाली नव्हती, "संपत नाही" म्हणाली होती. हे माझ्या डोक्यात शिरायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत जे उलटसुलट केलं ते तुम्हाला करावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे. मी शिक्षिका नाही, अर्धवेळ हिशेबाचं काम करते. साधारण सहा ते अकरा वर्षांचं मूल घरी शिकत असेल आणि पुस्तक उघडताच त्याचं पोट दुखू लागत असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

लागणारं सामान

- शंभरपानी वही, तुमच्या नोंदींसाठी. मुलाला ती दाखवायची नाही.
- पाटी. खरी दगडी मिळाली तर उत्तम, नाहीतर पुसता येणारा पांढरा फळा.
- मूठभर चिंचोके आणि दोन वाट्या.
- जुनी लग्नपत्रिका, जाड कागदाची.
- पुस्तकांच्या अनुक्रमणिकेची झेरॉक्स. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. तेवढंच पान छापून घ्या.
- तीन रंगांच्या पेन्सिली.

नवीन अभ्यासक्रम, नवीन ॲप, नवीन संच यातलं काहीही यादीत नाही. निदान दोन महिने खरेदी बंद.

१. आधी सगळं थांबवा

किमान दोन आठवडे. पुस्तकं कपाटात, ऑनलाइन वर्गाला सुट्टीचा निरोप. रात्रीची गोष्ट चालू ठेवा आणि स्वयंपाकघरात, बाजारात जे सहज होतं ते होऊ द्या.

इथला सापळा असा की आपण 'सुट्टी' म्हणतो आणि मागच्या दाराने अभ्यास आत आणतो. "चल, आजीला पत्र लिहू या" असं मी चौथ्याच दिवशी म्हटलं. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. ते शुद्धलेखन आहे हे तिला बरोबर कळलं होतं. भांबावलेल्या मुलाचं नाक या बाबतीत फार तीक्ष्ण असतं, आणि एकदा विश्वास गेला की सुट्टीचे दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात.

दुसरा सापळा घरातला. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय झालं गं अभ्यासाचं?" त्यांचंही चुकत नव्हतं, नातीची काळजीच ती. मी त्यांना सुट्टीच्या शेवटच्या दिवसाची तारीख लिहून दिली आणि तोवर विचारायचं नाही असं ठरवून घेतलं. मोठ्यांनाही शेवट दिसला की बरं वाटतं.

दोन आठवड्यांचे आमचे साडेतीन झाले. थांबायचं कधी हे मुलावरून कळतं. लेकीने एका दुपारी आपणहून पेन्सिल उचलली आणि कांदे-बटाट्यांच्या दुकानासाठी भावाचा फलक लिहिला. 'कांदा' वरचा अनुस्वार गायब होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकं बाहेर काढली.

२. दहा दिवस नुसती नोंद

आता पूर्वीचाच अभ्यास पुन्हा सुरू करा, पण निम्मा, आणि त्यात सुधारणा करू नका. तुमचं काम फक्त पाहायचं. वहीत चार रकाने आखा: काय चाललं होतं, किती वाजले होते, त्याआधी काय झालं होतं, आणि बिनसायची पहिली खूण कोणती होती.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याला दिसतं ते रडणं किंवा वही भिरकावणं, आणि तो शेवट असतो. त्याच्या दहा मिनिटं आधी काहीतरी झालेलं असतं. आमच्याकडे ती खोडरबर टेबलावर भोवऱ्यासारखं फिरवू लागते. काही मुलं पाणी मागतात, काही सारखी शू करायला जातात, काही अचानक विनोद करू लागतात. ही खूण ओळखता आली की अर्धं काम झालं, कारण थांबायचं तेव्हाच असतं.

दहा दिवसांनी वही वाचली तेव्हा मी चाट पडले. मला वाटत होतं गणिताचं वावडं आहे. पण तीच वजाबाकी पाटीवर एकेक दिली तर ती गुणगुणत करत होती. बिनसत होतं ते भरगच्च छापलेल्या पानावर. मराठीतही तेच: प्रश्नांची उत्तरं तोंडी फाडफाड, 'पाच-सहा वाक्यांत लिहा' म्हटलं की खोडरबर फिरायला लागलं. ऑनलाइन वर्गाच्या दिवशी तर दुपारनंतरचं सगळंच फिसकटत होतं. तो वर्ग सलग नव्वद मिनिटांचा होता. ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं असं सांगितलेलं आहे. हे आधी वाचलं असतं तर पैसे वाचले असते. वर्ग बंद केला.

तुमच्या वहीतून दुसरंच काही निघेल. एखाद्या घरी भूक निघेल, एखाद्या घरी धाकट्या भावाचा आवाज. म्हणून कुणाची उत्तरं उसनी घेऊ नका, माझीही नाहीत.

३. डॉक्टरकडे एक फेरी

ही पायरी लोक गाळतात. डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत असलं तरी जवळचं वाचताना ताण पडत असू शकतो. कान तपासा. रक्त कमी आहे का, झोप पुरते का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

तोंडी हुशार आणि लिहिताना सतत अडखळणं, अक्षरांची उलटापालट, वाचताना ओळ सुटणं हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्या २१ दिव्यांगता दिल्या आहेत त्यांत ती आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच करतात. त्याआधी कुणी ठाम निदान हातात ठेवलं तर दुसरं मत घ्या. अनेक जिल्ह्यांच्या सिव्हिल हॉस्पिटलात 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं, तिथे चौकशी करता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. सरकारी ठिकाणी वेळ लागतो, तेव्हा नंबर आधी लावून ठेवा आणि बाकीच्या पायऱ्या चालू ठेवा.

आमच्या लेकीला चष्मा लागला, पाऊण नंबरचा. बाकी काही निघालं नाही. चष्म्याने सगळं सुटलं असं अजिबात झालं नाही, पण कपाळाला हात लावून बसणं कमी झालं.

४. अनुक्रमणिकेला चाळणी लावा

अनुक्रमणिकेच्या झेरॉक्सवर तीन रंग. हिरवा: हे आलं नाही तर पुढचं अडेल. पिवळा: हे पुढच्या इयत्तेत पुन्हा येणारच आहे. निळा: हे ऐकून, पाहून, करून झालं तरी चालेल, लिहायची गरज नाही.

गणितात हिरवा रंग मला वाटलं त्याहून फार कमी निघाला: स्थानिक किंमत, दशक सुटा करून वजाबाकी, गुणाकाराचा अर्थ, दहापर्यंतचे पाढे. अपूर्णांक पिवळे, कारण तिसरीत येतात, चौथीत येतात, पाचवीत पुन्हा येतात. पुस्तक गोल जिन्यासारखं रचलेलं असतं, तोच विषय दर मजल्यावर भेटतो. एका मजल्यावर खिडकीतून नुसतं पाहिलं तरी चालतं.

परिसर अभ्यास जवळजवळ सगळाच निळा. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक आम्ही रात्री मोठ्याने वाचून संपवलं, खालचे प्रश्न एकही न सोडवता. १९७० साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक तिच्या बाबांनी आणि मीही शाळेत अभ्यासलेलं. त्यामुळे घरातले सगळेच ऐकायला बसले. दुसऱ्या दिवशी दिवाणाच्या उशांचा प्रतापगड झाला. त्याची नोंद मी वहीत 'इतिहास: झाला' अशी केली.

इथे एक धोक्याची सूचना. चाळणी लावताना मुलाला न आवडणारं ते सगळं गाळायचा मोह होतो. तसं करू नका. न आवडणं वेगळं आणि भांबावणं वेगळं. लेकीला पाढे आवडत नाहीत, पण पाढ्यांनी तिचं खोडरबर कधी फिरलं नाही. पाढे राहिले.

एका अडचणीचं मूळ मराठीतच होतं, तेही सांगते. "त्रेपन्न लिही" म्हटलं की ती ३५ लिहायची. कानावर आधी 'त्रे' पडतो, म्हणून हात आधी ३ लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? तेव्हा मीही हसले होते. आता दोन महिने आम्ही लिहिताना 'पन्नास तीन' आणि बोलताना 'त्रेपन्न' असं चालवलं. उलटसुलट थांबलं आणि 'त्रेपन्न' काही हरवला नाही.

५. शेवट डोळ्यांना दिसू द्या

बाकी काही जमलं नाही तरी ही पायरी करा.

मोठ्यांना पान म्हणजे एक पान वाटतं. भांबावलेल्या मुलाला त्या पानाला तळ दिसत नाही. मागे पुस्तक आहे, पुस्तकामागे पुढची इयत्ता आहे. त्यात आपण "एवढं झालं की मग बघू" म्हणतो, म्हणजे तळ आणखी खाली नेतो.

चिंचोके. सकाळी एका वाटीत दिवसाच्या कामाइतके चिंचोके टाकायचे. आम्ही पाचाने सुरुवात केली: दोन गणिताचे, एक वाचनाचा, एक लिहिण्याचा, एक इंग्रजीचा. एक काम झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत, आणि तो मुलानेच टाकायचा. टप्प असा आवाज होतो ना, तो फार कामाचा. पहिली वाटी रिकामी झाली की अभ्यास संपला, मग घड्याळात सव्वादहा वाजलेले असोत की बारा.

नियम एकच आणि तो आईबापांसाठी आहे: मध्ये चिंचोका वाढवायचा नाही. कधीही नाही. पहिल्या आठवड्यात एकदा सगळं अकरालाच उरकलं आणि माझ्या तोंडून "अजून एक करू या का?" निघालं. पुढचे चार दिवस ती प्रत्येक चिंचोका टाकायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी वाटी उलटी करून तिच्या हातात दिली, "आता तूच मोज" म्हटलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

चिंचोक्यांचं बक्षीस करू नका. 'दहा झाले की चॉकलेट' सुरू झालं की वाटी कधी रिकामी होणार याची जागा वाटी कधी भरणार घेते आणि मूल पुन्हा मोजत, धावत सुटतं. चिंचोका म्हणजे फक्त एक काम, त्याला दुसरी किंमत नको.

पत्रिकेची खिडकी. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला मधोमध एक चौकोन कापा, एक उदाहरण मावेल एवढा. तो कागद पुस्तकाच्या पानावर ठेवला की बाकीची तेवीस उदाहरणं झाकली जातात. वाचनासाठी लांबट फट कापलेला दुसरा कागद करा, एका वेळी एकच ओळ दिसते. आमची खिडकी नणंदेच्या लग्नाच्या पत्रिकेची आहे, वर अर्धा गणपती उरला आहे. त्या गणपतीला धरून ती कागद खाली सरकवते.

आणि २४ पैकी किती करायची? आम्ही सहा करतो: दोन सोपी, तीन मधली, एक अवघड. सहाच्या सहा बरोबर आली तर पुढची अठरा करून नवीन काही कळणार नसतं. दोन चुकली तर तीच अठरा करून चूकच पक्की होते. दोन्हीकडून ती अठरा नकोच आहेत.

पुस्तक जाड असेल तर फाडून पातळ करा. हो, फाडा. २०२३-२४ पासून दोन वर्षं बालभारतीने दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत काढली होती, मध्ये वहीची पानं घालून. पुढे ती योजना बंद झाली. शाळांमधून त्यावर तक्रारी बऱ्याच होत्या, पण आम्हाला तो पातळ भाग फार सोयीचा पडला होता. आता आम्ही पुस्तकाचे चार तुकडे करून प्रत्येकाला दोऱ्याने शिवण घालतो. तुकडा संपला की त्यावर तारीख घालून तो कपाटाच्या वरच्या फळीवर जातो.

६. हात वेगळा, डोकं वेगळं

एका वेळी एकच कष्ट. निबंध लिहिताना मुलाला विचार करायचा असतो, शब्द शोधायचे असतात, ऱ्हस्व-दीर्घ आठवायचं असतं, जोडाक्षर मोडायचं असतं आणि ओळ सरळ ठेवायची असते. एवढी सगळी ओझी एकदम उचलायला लावली तर मोठा माणूसही बसकण मारेल.

म्हणून तिने सांगायचं, मी लिहायचं. शब्दन्‌शब्द ती म्हणेल तसाच, मध्ये सुधारणा न करता. मग ती स्वतःचाच मजकूर वाचते आणि त्यातली दोनच वाक्यं निवडून स्वतःच्या अक्षरात उतरवते. पहिल्याच वेळी तिने आमच्या गल्लीतल्या बोक्याविषयी दीड पान सांगितलं. त्याआधी चार ओळींवर कधी गेली नव्हती. चार महिन्यांनी दोन वाक्यांची सहा झाली आहेत.

जोडाक्षरांसाठी वेगळा वेळ, तोही पाटीवर किंवा रांगोळीच्या ताटात बोटाने. आठवड्याला एकच कुटुंब घ्या: या आठवड्यात 'र' चे सगळे प्रकार, म्हणजे सूर्य, चक्र, राष्ट्र, तऱ्हा. चार वेगळे 'र' बघून ती म्हणाली, "हा वेश बदलतो." तेव्हापासून तो आमचा बहुरूपी 'र'.

चुका दाखवायच्या तर एका पानावर एकच प्रकार. आज वेलांट्या बघायच्या ठरल्या असतील तर उरलेल्या काना-मात्रांकडे डोळेझाक.

७. दिवस घड्याळाला बांधू नका

वेळापत्रकातले '९.०० ते ९.४०' काढून टाका. नऊ पाच झाले की मूल स्वतःला उशीर झालेला समजतं आणि दिवस तिथेच नासतो. कामं रोजच्या गोष्टींना बांधा: नाश्त्याची ताटली उचलली की गणित, कपडे वाळत घातले की वाचन. अवघड काम पहिलं नको, दुसरं ठेवा. पहिलं हुकमी जमणारं.

"रोज एवढासाच अभ्यास?" असं कुणी विचारलं तर हे सांगा: केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. शाळेतल्या पाच तासांत हजेरी, रांगा, चाळीस मुलांच्या वह्या हे सगळं येतं. एका मुलाबरोबर समोरासमोर बसून केलेला दीड तास काही थोडा नाही. सासूबाईंना हे पटलं. चुलत सासऱ्यांना अजून पटलेलं नाही, चालायचंच.

८. तरी बिनसलंच तर

बिनसणारच. त्या वेळी काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी आपलंही डोकं ठिकाणावर नसतं.

खूण दिसली की आम्ही "पाटी" म्हणतो. पाटी म्हणजे काम जिथे आहे तिथे थांबायचं, पेन्सिल खाली. प्रश्न विचारायचे नाहीत, "काय झालं?" हासुद्धा नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला शब्द लागतात आणि शब्दच संपलेले असतात. पाणी, गॅलरी, झाडांना पाणी घालणं, भिंतीला दोन्ही हातांनी ढकलणं. दहा-पंधरा मिनिटांनी परत यायचं ते अर्ध्या कामावर: उरलेल्या चारपैकी दोन उदाहरणं, आणि चिंचोका वाटीत. काम पूर्ण सोडून दिलं तर रडलं की सुटका हे मूल शिकतं. पूर्ण करायला लावलं तर आई ऐकत नाही हे शिकतं. अर्धं बरोबर बसलं.

खूण चुकली आणि भडका उडालाच तर त्या दिवसापुरता अभ्यास बंद. रात्री समजावणीचं भाषण नको. मी दिलेली आहेत, फुकट गेली.

उशांचा प्रतापगड, अंगणातला चिखल, झाडांना पाणी घालणं याला अभ्यास म्हणायचं का, असा प्रश्न पडेल तेव्हा मी पालघर जिल्ह्यातलं बोर्डी गाव आठवते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तिथे मुलांच्या वस्तीतच बालवाडी भरवली आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे आणि जशी होती तिथे त्या शाळा घेऊन गेल्या. आपलं तर एकच मूल आणि तेही घरातच.

९. वाढवायचं कधी

सलग दहा दिवस वाटी न कुरकुरता रिकामी झाली तर एक चिंचोका वाढवा, फक्त एक, आणि तो कोणत्या विषयाचा हे मुलाला ठरवू द्या. आमच्या लेकीने चित्रकलेचा मागितला. मी "अभ्यासाचा" असं म्हणणार होते, जीभ चावली. पाचाचे सात व्हायला अडीच महिने लागले.

ताप, पाहुणे, प्रवास, गणपती या सगळ्यांनंतर दोन चिंचोके कमी करून सुरुवात करायची. दिवाळीनंतर मी हे विसरले आणि पुन्हा खोडरबर फिरलं.

पिवळे धडे दर तीन महिन्यांनी पुन्हा काढून बघा. अपूर्णांक आम्ही जानेवारीत भाकरीवर घेतले, पाव, अर्धी, पाऊण. दोन दिवसांत झाले, कारण सासूबाई रोज तिला तेच तर वाढत होत्या.

१०. कागदपत्रांची फाईल

अभ्यास हलका केला की मनात भीती येते: पुढे हिला कुणी घेईल का? ती भीती आपल्याकडून मुलाकडे झिरपते, म्हणून फाईल आत्ताच करा. फाईलमध्ये हे ठेवा:

- जन्मदाखला, मूळ आणि तीन प्रती.
- आधार कार्ड.
- पूर्वी शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटचं प्रगतिपुस्तक.
- दर महिन्याची दोन-तीन पानं, तारीख घालून. चांगलीच पानं निवडू नका, भोक पडलेलंही ठेवा.
- वाचलेल्या पुस्तकांची यादी.
- डॉक्टरांचे कागद.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये घरशाळेचा उल्लेख नाही. पण शाळेत परत जायचं झालं तर त्याचं कलम ४ उपयोगी आहे: सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण. म्हणजे चौथीच्या वजाबाकीपायी मूल दोन वर्षं मागे बसवलं जाण्याचं कारण नाही. परीक्षा हवी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे स्तर आहेत. या संस्थेच्या दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात. पुण्यात तिचं विभागीय केंद्र आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा आहेतच, आणि राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म.

शेवटचा सापळा अभ्यासाचा नाही, स्पेलिंगचा आहे. जन्मदाखल्यावर लेकीच्या नावात एक 'ए' आहे, आधारवर दोन. बाबांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे नुसतं आद्याक्षर. प्रवेशाच्या अर्जात हे जुळलं नाही की अर्ज परत येतो आणि दुरुस्तीला वेळ लागतो. मूल गॅलरीत झाडांना पाणी घालत असेल तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा.